अध्यक्षांच्या मीटिंगा

समोरच्या दारातल्या गृहस्थांना अख्खी इमारत 'अध्यक्ष' म्हणते. ते कशाचेही अध्यक्ष नाहीत. एका लाँड्रीत सुपरवायझर आहेत, तेही गेल्या वर्षापासून. त्याआधीची सगळी नोकरी मळक्या कपड्यांच्या खोलीत गेली. इस्पितळातून आलेली गाठोडी सोडायची, चादरी वेगळ्या करायच्या, उशांचे अभ्रे वेगळे, आणि डॉक्टरांच्या खिशात राहिलेली पेनं वेगळी. बढती झाली त्या दिवशी टेबल, फिरती खुर्ची आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय, तिन्ही एकदम आली. म्हणून अध्यक्ष.

त्या खुर्चीवरच गदा आली. इस्पितळाने कळवलं की धुतलेल्या चादरी यापुढे नऊऐवजी सकाळी सहाला हव्यात. म्हणजे लाँड्री पहाटे चारला सुरू व्हायला हवी. लाँड्रीच्या मालकीणबाई बसून कधी बोलत नाहीत. दारातच उभ्या राहतात, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवतात, आणि ती थांबायच्या आत त्यांना उत्तर लागतं.

"शनिवारी सकाळी सांगा. तुमची माणसं तयार असतील तर उत्तम. नाहीतर काम दुसरीकडे जाईल आणि तुम्ही परत गाठोड्यांवर."

अध्यक्ष "हो" म्हणाले. किल्ली अजून फिरत होती.

माणसं म्हणजे तीन. बुधवारी अध्यक्षांनी तिघांना घड्यांच्या टेबलाभोवती बसवलं आणि घसा खाकरला. तेवढ्या उसंतीत घडीवाल्या ताई सुरू झाल्या. ताईंचं असं आहे की बोलता बोलताच त्यांना स्वतःचं मत कळतं, आणि ते कळेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं असतं. त्या नणंदेच्या घोरण्यापासून निघाल्या, रस्त्यातल्या कुत्र्यांपाशी आल्या आणि तिथून जावयाच्या नव्या नोकरीकडे वळल्या. इस्त्रीवाले मामा अंगठ्याचं नख पाहत राहिले, जणू त्यावर काही छापलेलं होतं. तिसरे बॉयलरवाले. त्यांना पाठीमागे सगळे नकारघंटा म्हणतात. त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

"नाही होणार."

"काय नाही होणार?"

"काहीच."

मीटिंग संपली.

त्या संध्याकाळी अध्यक्ष ताटावर बसून उसासे टाकत होते, तेव्हा वहिनींचं ऐकू आलं. भिंती पातळ आहेत, त्याला शेजाऱ्यांचा इलाज नाही.

"अहो, घरात तरी कधी सगळ्यांना ओळीने बसवून विचारता का? लेकाला काही विचारायचं तर तो स्कूटर पुसत असताना. आईंना चहा झाल्यावर. ज्याची त्याची वेळ बघूनच विचारता ना?"

"आणि तुला?"

"मला कुठे विचारता? मला कळवता."

गुरुवारी अध्यक्षांनी मीटिंगचे तीन तुकडे केले. ताईंपुढे जाऊन त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. चादरीची घडी दोघांनी घालताना माणसं दरवेळी एकमेकांजवळ चालत येतात, कोपऱ्याला कोपरा जुळतो, आणि त्या क्षणी ताईसुद्धा श्वास घेतात. अध्यक्षांनी ती फट हेरली. एका चादरीला "पहाटे चारला", पुढच्या चादरीला "यापुढे रोज", असं करत ढीग निम्मा झाला तेव्हा त्यांचं वाक्य पुरं झालं. ताई म्हणाल्या, "येईन की! मी नाही म्हटलं होतं का? फक्त गाडी दारात आली पाहिजे. कुत्री मला ओळखतात, पण चांगल्या अर्थाने नाही."

मग बॉयलर. "हे होणार नाही ना?" अध्यक्षांनीच सुरुवात केली.

"नाही."

"मलाही तेच वाटतं. पण बाईंना कारणं द्यावी लागतील. कसं कसं होणार नाही, तेवढं सांगा."

असं त्या माणसाला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बाकडं पुढे ओढलं. पाणी तापायला अर्धा तास जातो, म्हणजे साडेतीनला पेटवावं लागणार. किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन झोपलेला असतो, म्हणजे दुसरी किल्ली करून घ्यावी लागणार. मागचा दिवा गेलाय, तो लावावा लागणार. शेवटी हात झटकून म्हणाले, "एवढं केलं तर होईल. पण करणार कोण?"

"कोण?"

"मीच. दुसरं आहे कोण इथे?"

राहिले मामा. त्यांच्यापुढे विषय काढायला अध्यक्षांना जड गेलं, म्हणून त्या दिवशी इस्त्रीच्या रोलरजवळ उभं राहून नुसतंच विचारलं, "या रोलरचं कापड बदलायला झालंय का हो?" मामा बोलले नाहीत. शुक्रवारी परत शेजारी उभे राहिले आणि नजर इस्त्रीवर ठेवून पहाटेचं विचारलं. मामांनी एक चादर आत सोडली. दुसरी सोडली. मग म्हणाले, "हो."

त्या संध्याकाळी अध्यक्ष शीळ घालत जिना चढले. चाल कुठली होती ते कुणालाच ओळखता आलं नाही.

शनिवारी बाई दारात आल्या. "ठरलं?"

"ठरलं. तिघंही चारला."

"मला जमणार नाही," मामा म्हणाले.

किल्ली थांबली.

"अहो मामा, काल हो म्हणालात!"

"ते कापडाचं. बदलायला झालंय." मामांनी जरा वेळ घेतला. "पहाटेचं तुम्ही काल विचारलंत. हे त्याचं उत्तर."

"यांचं असंच असतं," ताई म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या लग्नाला येणार का विचारलं, तर पाहुणे परत गेल्यावर हो म्हणाले."

अध्यक्षांच्या डोळ्यांपुढे गाठोडी आली, गाठींसकट. मनधरणी करावी, हात जोडावेत, असं फार वाटलं त्यांना. पण ते गप्प उभे राहिले. मामांकडे पाहायचंही त्यांनी टाळलं. बऱ्याच वेळाने मामाच बोलले.

"वडील अंथरुणावर आहेत. धाकटा रात्रपाळीहून सहाला येतो. तोवर मला हलता येत नाही."

मामा तिथे इतकी वर्षं इस्त्री करत होते, आणि हे कुणालाही ठाऊक नव्हतं. ताईंनासुद्धा.

"मग नाहीच होणार," अध्यक्ष हळूच म्हणाले. ते अगदी मनापासून होतं.

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी ऐकून नकारघंटा तडकले. "का नाही होणार?"

"मामा नाहीत, तर रोलर कोण..."

"बॉयलर तापल्यावर मी काय करतो? घड्याळ बघतो! मामा येईपर्यंत रोलर मी चालवतो. सहाच्या गाडीपुरत्या चादरी निघतात. नाही कशा होणार?"

मामांनी नख पाहिलं. त्यांचं "उपकार झाले" सोमवारी आलं.

"म्हणजे चारला सुरू," बाई म्हणाल्या. किल्ली पुन्हा फिरू लागली. "आणि यांच्यावर लक्ष ठेवायला चारला कोण?"

अध्यक्षांनी ताईंकडे पाहिलं, बॉयलरकडे पाहिलं. सगळ्यांच्या तऱ्हा सांभाळून सगळ्यांना विचारलं होतं. एक माणूस राहून गेला होता.

"मी," ते म्हणाले.

खुर्ची वाचली. आता रोज पहाटे तीनला त्यांची स्कूटर जिन्याखाली खोकते, थांबते, परत खोकते आणि अख्खी इमारत उठवून निघून जाते. रविवारी चार जण तक्रार घेऊन गेले. अध्यक्षांनी दार उघडलं, सगळ्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "एकत्र बोलताय, की एकेकटे येता?"