फाट्यावरचे डबे

आमच्या घरी भाजी शिजायची ती फक्त बाजाराच्या दिवशी. वडील वीटभट्टीवर, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. मी तालुक्याला कॉलेजात होते आणि गावाहून एसटीने माझा डबा यायचा. भाकरी आणि ठेचा. पोट भरायचं नाही, कॉलेज सोडावं असं मनात यायचं.

आज आईला भेटून परत निघाले, तर गावच्या फाट्यावर तसेच डबे दिसले. एसटीची वाट बघत कठड्यावर ठेवलेले, झाकणांवर पोरापोरींची नावं. आया डबे ठेवून कामाला गेलेल्या.

कॉलेजात असताना एकदा माझ्या डब्यात वांग्याची भाजी निघाली. मग अधूनमधून कधी पिठलं, कधी गुळाची पोळी. सुट्टीत आईला विचारलं.

"मी कुठली घालतेय बाई? भुकेनं सपान पडलं असंल तुला."

मग तीच गंभीर झाली. "फाट्यावर कुणीतरी झाकण उघडतंय. तू शोधू नको. नाव कळलं की तिला देताना अवघड, अन् आपल्याला खाताना."

मी शोधलं नाही. पण गावातल्या प्रत्येक बाईशी जरा मऊच बोलायचे. न जाणो, हीच असेल. अजूनही तसंच बोलते.

आज एक डबा उन्हात होता. सावलीत सरकवायला उचलला, तर हाताला हलका लागला. आईने मला बांधून दिलेली मेथीची भाजी त्यात घातली, झाकण लावलं आणि बाजूला जाऊन उभी राहिले.

असल्याच डब्यावर मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.