अर्थिंगचा खड्डा

बसलिंगप्पानं वायरीला मारलेला जोड कधी तापत नाही, असं औशात लोक म्हणत. पण लातूरला स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्याचा उजवा खांदा निकामी झाला होता. घराची सगळी वायरिंग धाकट्या भावानं, मन्मथनं केली. आईवडील गेल्यावर मन्मथला त्यानंच वाढवलं होतं, पक्कडही त्यानंच हातात दिली होती. वायर दातानं सोलली म्हणून एकदा कानफटातही ठेवून दिली होती. पुढं मन्मथ बंगल्यांची कामं घेऊ लागला. कुणी बसलिंगप्पाला बोलवायला आलं की तो म्हणायचा, "मन्मथला सांगा. माझाच हात हाय तो."

गेल्या दिवाळीत मन्मथनं न्हाणीत शॉवरचा गिझर बसवून दिला, थोरल्या भावाला, अण्णाला भेट म्हणून. अण्णाला परसात बादलीनंच अंघोळ करायची सवय. शॉवर वापरायची ती सून, शिवानी.

"मामा, नळाला हात लावला की मुंग्या यायल्यात," ती एके सकाळी म्हणाली.

"तुझ्याच अंगात करंट लई," बसलिंगप्पा हसला. "अगं, मन्मथचं काम हाय ते. अर्थिंग हाय आपल्या घराला. तुमच्या उदगीरला बसत असंल शॉक, हितं न्हाई."

घरातले सगळे हसले. शिवानी हसली नाही. ती गॅसवर पाणी तापवू लागली. ते पातेलं दिसलं की बसलिंगप्पाला भावाचा अपमान झाल्यासारखं वाटे. दोनदा त्यानं तिला तसं बोलूनही दाखवलं. शेवटी ती मुकाट्यानं पुन्हा शॉवरखाली गेली, आणि नळ बंद करताना फेकली गेली. कोपर सुजून टम्म झालं.

त्या दुपारी त्यानं गिझर चालू ठेवून नळाला टेस्टर टेकवला. आतला लाल ठिपका लागला.

मेन स्विच बंद करून त्यानं गिझरचं झाकण खोललं. बोरच्या पाण्याचा पांढरा क्षार कॉइलवर चढला होता आणि कॉइल तडकली होती. त्याला जरा हलकं वाटलं. कॉइल जाते, तिथं मन्मथ काय करणार? पण ते हलकेपण टिकलं नाही. तडकलेल्या कॉइलमधून बाहेर आलेला करंट हिरव्या वायरीनं जमिनीत जायला पाहिजे होता. अर्थिंग असतंच त्यासाठी. मग तो नळात का थांबला?

टेस्टचा बल्ब आणून, मेन पुन्हा चालू करून, त्यानं एक वायर फेजला लावली, दुसरी हिरवीला. अर्थिंग धड असेल तर बल्ब पेटतो. बल्ब लागला नाही. बल्बच गेला असेल, म्हणून त्यानं दुसरा लावला. तोही अंधारात राहिला.

तो परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याजवळ गेला. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग मरतं, म्हणून टँकर येत त्या दिवसांतही तो दर सोमवारी अंघोळीच्या पाण्यातलं तांब्याभर राखून इथल्या पाइपात ओतायचा. त्यानं पाइप धरला आणि ओढला. वाफ्यातलं गाजर निघावं तसा पाइप वर आला. वीतभर लांबीचा. खाली करंट जमिनीत नेणारी प्लेट नव्हती, ओल धरणारा कोळसा नव्हता, मीठ नव्हतं. नुसता खडक.

संध्याकाळी मन्मथ आला. अण्णाच्या मांडीवर तो पाइप होता.

"प्लेट कुठं हाय रे?"

मन्मथनं पाइपाकडं बघितलं आणि चपला न काढताच दारात थांबला. "अण्णा, खाली खडक लागला होता. गृहप्रवेश तोंडावर. पूजेसाठी जंगमांना तुम्हीच तारीख दिलेली. मागून टाकू म्हनलं, मग राहूनच गेलं."

"मी पाणी घालायचो तवा तू हितंच बसून चहा प्यायचास."

मन्मथ वाकून चपला काढू लागला.

"लोकांच्या घरी बी असंच करतूस?"

"न्हाई, आईशप्पथ!" तो घाईनं म्हणाला. "लोक मीटर लावून बघतेत, अण्णा."

"आन् मी?"

"तुम्ही बघणार न्हाईत, ठाव होतं मला."

आतल्या दारात शिवानी कोपराला फडकं बांधून उभी होती. बसलिंगप्पा तिच्याकडं वळला. "पोरी, तुझं खरं होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मन्मथ पहार घेऊन स्वतःहून आला. घराच्या पलीकडच्या अंगाला, जिथं माती लागते तिथं, त्यानं पुरुषभर खोल खणलं. प्लेट उभी केली, कोळसा-मीठ भरलं, हिरवी वायर जोडून नट आवळले. घामानं भिजून वर आला आणि म्हणाला, "झालं, अण्णा."

एरवी अण्णा म्हणाला असता, चल, भाकरी खाऊन घे. आज तो दुखरा खांदा सांभाळत खड्ड्यात उतरला. पाना लावून एकेक नट त्यानं पारखला. सगळे घट्ट होते. वर येऊन बोर्डात फेज आणि हिरवीमध्ये टेस्टचा बल्ब लावला, तो लख्ख पेटला.

"बघा की, कसा लागलाय!" मन्मथ लहानपणीसारखा हसला.

बसलिंगप्पानं बल्ब काढला, आणि मन्मथनंच बसवलेला मधल्या खोलीतला बोर्ड खोलायला घेतला.