काचेवरची ओल

थंडी नावाची वस्तूच जगात नसते, असं मानणारा श्रीखंडाचा दुकानदार पुण्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. नारायण पेठेत त्यांचं दूध-लोण्याचं दुकान होतं. फ्रिज गार करतो असं कुणी म्हटलं, की ते हातातला चमचा खाली ठेवत. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच; बाहेरच उकडत असेल तर त्या बिचाऱ्यानं ती टाकायची कुठे, असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत श्रीखंड देत नसत. उन्हाळ्यात ते फ्रिजच्या मागच्या जाळीला पुठ्ठ्यानं वारा घालत, तोही पाहुणा जेवायला बसल्यासारखा. पावसाळ्यात मुक्काम काचेपाशी. दमट हवा गार काचेला टेकली की घाम येणारच, हे त्यांना मान्य होतं. त्यात गिऱ्हाइकांच्या श्वासानं पडलेली भर मान्य नव्हती. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या नातेवाइकांना ओल्या छत्र्यांपायी त्यांनी पायरीवरच उभं ठेवलेलं मी पाहिलं आहे. आम्रखंडावर वाकलेल्या एका बाईंना ते म्हणाले होते, "आपण जरूर बघा. फक्त श्वास तिकडे तोंड करून सोडा."

असा हा माणूस, आणि दुकानातला सर्वांत जुना फ्रिज मात्र दूध आटवायच्या भट्टीला खेटून ठेवलेला. कारण भट्टीपाशी अक्का बसे. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. आच सोसेनाशी झाली की ती उठून त्या फ्रिजच्या काचेला कपाळ टेकवी. एवढी सवलत साऱ्या पेठेत तिला एकटीला होती. मागे राहिलेला तिच्या श्वासाचा डाग साडू कुरकुरत पुसत.

अक्का गेली आणि भट्टी विझली. पुढच्या उन्हाळ्यात, वाळत घातलेलं धोतर चहा होईपर्यंत कडकडीत व्हावं इतक्या कोरड्या हवेत, त्या काचेवर दुपारी एक वाटोळा डाग उमटू लागला. अक्काच्या उंचीवर. साडूंनी मला हाताला धरून तिथे नेलं. बाकीची काच लख्ख कोरडी होती. मी दाराच्या रबराविषयी शंका काढली.

"रबर बदललं," ते शांतपणे म्हणाले. "कोरड्या हवेत काच घामेजत नाही, साडूबुवा. समोर कुणी असल्याशिवाय नाही." मग म्हणाले, "आपण थोडं सरका. तिच्या जागेवर उभे आहात."

मी सरकलो. माझ्या पाठीला त्या उन्हाळ्यातही गार वाटलं.

पेठेतली दुकानं दुपारी झोपेसाठी बंद असतात. हे त्या डागासाठी बंद असे. पण यंत्र थकत चाललं होतं. कॉम्प्रेसर दम लागल्यासारखा घरघरे. त्यांचा मुलगा नवा फ्रिज घेऊ म्हणून मागे लागला होता, आणि साडूंना धास्ती एकच होती: हा बंद पडला तर काच कोमट होईल, आणि मग ती आली तरी दिसणार नाही. त्यांनी आतला चक्का, लोणी सगळं दुसरीकडे हलवलं. रिकाम्या फ्रिजमागे स्टूल टाकून ते जाळीला वारा घालत बसत. मधूनच मान वर करून काचेकडे बघत.

यंदा थंडी सरता सरता ते गेले. चैत्रात मुलाचा फोन आला. "काका, फ्रिज उचलायला टेंपो आलाय. त्याआधी तुम्ही एकदा या."

मी गेलो तेव्हा तो फडकं हातात घेऊन काचेसमोर उभा होता. दुकानात ओलीचा मागमूस नव्हता. काचेवर तो ओळखीचा डाग होता, आणि त्याच्या शेजारी, वीतभर उंचावर, आणखी एक.

"पुसू का?" त्यानं विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. तो बाहेर गेला, टेंपोवाल्याशी काहीतरी बोलला, आणि टेंपो निघून गेल्याचा आवाज आला. परत येऊन त्यानं कोपऱ्यातलं स्टूल उचललं, पुठ्ठा शोधला आणि फ्रिजच्या मागे जाऊन बसला. थोड्या वेळानं घरघर जराशी निवली.

मी तिथेच उभा होतो, एका बाजूला सरकून. श्वास सोडायची वेळ आली तेव्हा मी तोंड तिकडे, दाराकडे फिरवलं.