त्यानं काढला, मी धुतला

माझा मित्र माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतो. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तो इंदापूरचा, शाळेत शिक्षक. मी जळोचीत राहतो, एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासतो. मोबाइलच्या जमान्यात आम्हा दोघांना रोलच्या कॅमेऱ्याचं खूळ आहे आणि त्यापायी माझ्या घरची मागची मोरी डार्करूम झालीय. रविवारी तो मोटारसायकलवर येतो, दारातूनच आईला 'जयभीम, आई' म्हणतो आणि थेट मोरीत शिरतो. प्रिंट तो काढतो, धुणं माझ्याकडे. कारण बोअरचं पाणी माझ्या घरचं आणि चिकाटीही माझीच.

प्रिंट ज्या रसायनात बुडवतो, तो फिक्सर मोठा लबाड. त्याच्यामुळंच फोटो टिकतो आणि धुताना तो कागदात राहिला तर त्याच्यामुळंच पुढं पिवळा पडतो. डोळ्यांना काही कळत नाही. कागद उलटापालटा करायचा, पाणी बदलत राहायचं, दुसरं काय.

मागं आई म्हणाली होती, "मी गेल्यावर भिंतीला लावायला एक फोटू काढून ठिव. तुझ्या बापाचा आधारकार्डावरचा मोठा करून लावलाय, चोरावानी दिसतो."

मी कामाला लागलो. खिडकीशी खुर्ची, ठेवणीतलं लुगडं, मागं पांढरी चादर. रोलवर रोल घालवले. सगळ्यांत आई अशी बसलेली, जणू बँकेत तिची सही जुळत नाहीये. आणि एका रविवारी मित्रानं ओसरीत शेंगा फोडणाऱ्या आईचा एकच फोटो काढला.

त्याचा प्रिंट फिक्सरमध्ये गेल्यावर मी दिवा लावला. ट्रेमध्ये आई तोंड उघडून हसत होती, पडलेल्या दातासकट. माझ्या पोटात दुखलं. माझी आई, माझं घर, माझं पाणी आणि हसू मात्र इंदापूरच्या पाहुण्याला.

"कसा आलाय रं?" त्यानं विचारलं.

"बरा हाय," मी म्हणालो. "जरा काळा झालाय."

"मग धू नीट," म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

आता मोरीत मी आणि ट्रेमधली आई. धुणं लवकर आटपलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. काही वर्षांनी फोटो पिवळा पडला असता आणि नाव त्याचं खराब झालं असतं. हा विचार मनात आलाच नाही, असं कसं म्हणू? पण पिवळी पडली असती ती आई.

विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटचं फिकट जांभळं पाणी मी एका ग्लासात ठेवतो. धुतलेल्या फोटोवरून निथळणारे थेंब त्यात पाडायचे. रंग उडाला, तर फिक्सर अजून आहे. रंग उडाला. मी पाणी बदललं. पुन्हा उडाला. मनात जळत मी त्या हसऱ्या तोंडावर पाणी ओतत राहिलो.

"केवढं पाणी घालवतुयास," म्हणत आई आत आली. फोटो बघितला आणि म्हणाली, "ह्योच लावायचा."

"आन मी एवढं काढलं ते?"

"ते ऱ्हाऊ दे."

मला राहवलं नाही. "त्याच्याम्होरं बरी हसतीस. माझ्याम्होरं काय हुतं तुला?"

"तू कॅमेरा धरलास की मला वाटतं, मी गेलीच. असा बघतुयास, की आत्ताच हार घालणार हायस. त्यानं आपला च्या मागितला, आन कायबाय बोलत बसला."

ती गेल्यावर मी पुन्हा पाणी बदललं. या वेळी ग्लासातलं पाणी जांभळंच राहिलं. फोटो दोरीला लावला.

दुसऱ्या दिवशी नवा रोल घातला आणि ओसरीत तिच्यासमोर बसून सहज म्हणावं तसं म्हणालो, "आई, च्या कर की."

"आधी त्यो कॅमेरा खाली ठिव."

ठेवला. चहा झाला. ती इकडचं तिकडचं बोलत बसली आणि मध्येच कशावर तरी हसलीही. मी ते हसू दोरीवरच्या हसण्याशी ताडून बघत होतो. मित्रापुढचं मोठं होतं.