भिंत कुणाची?

दारातून जाताना तो मान खाली घालायचा. कुठल्याही दारातून. उंचीला माझ्या खांद्याएवढा माणूस, आणि लेस्टरमधल्या आमच्या जुन्या घराची दारं अशी की हत्ती नाही तरी उंट सहज आत यावा. तरी हा वाकणार. बँकेत वाकणार, मशिदीत वाकणार, सुपरमार्केटच्या आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दारातसुद्धा हा वाकून आत शिरणार. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही माझ्यासारखंच वाटलं असतं, की काय नम्र माणूस आहे! आठवडाभरात माझा भ्रम उतरला. नम्रपणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

घर जयाबेनचं. आफ्रिकेतल्या कंपालाहून हाकलून दिल्यावर नेसत्या वस्त्रानिशी इथे आलेली ही गुजराती विधवा. गुडघे कामातून गेलेले, म्हणून ती खाली झोपायची आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायची. एकीत मी, म्हणजे वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअर टेस्टर. दुसरीत हा, मासळीबाजारात मासे कापणारा इंडोनेशियन. पूर्वी जहाजावर खलाशी होता. लिव्हरपूलला उतरला, एका इंग्रज बाईशी लग्न केलं. काही वर्षांनी तिने त्याला घराबाहेर काढलं, पण तोवर या देशात राहण्याचा शिक्का पासपोर्टवर बसला होता.

मी राहायला गेलो त्याच आठवड्यात बसस्टॉपवर दोन टग्यांनी जयाबेनच्या डोक्यावरचा पदर ओढला. हा रस्त्याच्या पलीकडून मासळीची पिशवी घेऊन येत होता. पिशवी त्याने नीट, न सांडता, खाली ठेवली आणि मग त्यातल्या मोठ्याचं नाक फोडलं. दुसरा पळाला. पोलीस घरी आले तेव्हा जयाबेनने त्यांना आल्याचा चहा पाजला आणि टेबलावर हात आपटून सांगितलं, "माय लॉजर डिड नथिंग. बॉय फेल.” पोलिसांनी याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, चहा संपवला आणि गेले.

मासेही तो रागानेच कापायचा. सुऱ्या स्वतःच्या, रोज घरी आणून धार लावणार. एकदा एका गिऱ्हाइकाने मासा शिळा आहे म्हटलं, तर याने त्याच माशाचं मुंडकं त्याच्या कोटावर भिरकावलं. नोकरी गेली नाही, कारण हात त्याच्याइतका वेगाने कुणाचा चालत नव्हता.

आणि जगातलं कुठलंही भांडण त्याच्या कानावर आलं की तो एकच विचारायचा, "भिंत कुणाची?”

टीव्हीवर युद्ध चाललेलं असे, हा भात खाता खाता विचारी, "भिंत कुणाची?” माझ्या मॅनेजरने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात तणतणत होतो, तेव्हाही तेच.

"अरे बाबा, ऑफिसात भिंत कुठून आली?” मी वैतागून म्हटलं.

"असते. शोध.”

आम्ही दोघं इंग्रजीत बोलायचो. त्याचं इंग्रजी जहाजावरचं, त्यात बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत उचललेली हिंदी. कमी शब्दांत भागवायचा.

माझं गाव पेणजवळ, खारेपाटात. समुद्राला मातीचे बांध घालून आम्ही मागे भात पिकवतो. बांध फुटला की त्याला आम्ही खांड पडली म्हणतो, आणि खांड पडली की पाण्याआधी भांडणं गावात शिरतात. हे मी एका रविवारी दुपारी बोलता बोलता सांगितलं, आणि त्याने हातातली सुरी खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आतेबहिणीचा मुलगा निघालो. त्या दुपारी तो पहिल्यांदा सलग बोलला.

त्याचं गाव जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. उंचवटा म्हणून नाही, सगळी जमीन हातावर थापलेल्या भाकरीसारखी सपाट. आधी भाताची शेतं होती. मग खारं पाणी शिरलं, म्हणून लोकांनी शेतांची तळी केली आणि कोळंबी सोडली. मग तळीही समुद्राने गिळली. भरीला शहरातले कारखाने जमिनीखालचं पाणी उपसतात, त्यामुळे जमीनच खाली बसते.

"आजोबा भात लावायचा,” तो म्हणाला. "बाप कोळंबी पाळायचा. मी काय करू? पोहू?”

मुलगे कारखान्यात जातात, मुली सिंगापूरला धुणीभांडी करायला. त्याची बहीणही गेली होती, ती परत आली. जे मागे राहतात ते माती वाहतात. भरतीचं पाणी घरात यायला लागलं की होडीने माती आणायची आणि घरातच ओतायची, म्हणजे जमीन वर येते. काही वर्षांनी पुन्हा पाणी, पुन्हा माती. छप्पर मात्र आहे तिथेच. त्याच्या लहानपणी दाराची जी वरची चौकट बापाच्या डोक्यावर होती, ती याला मिसरूड फुटेस्तोवर याच्या छातीला लागत होती. खिडक्या गुडघ्याशी आल्या होत्या. त्याने केस मागे सारून कपाळ दाखवलं. चौकटीवर आपटून आपटून तिथे कायमचं टेंगूळ आलं होतं.

मला हसू आलं. मग आलेलं हसू गेलं, कारण तो पुढे सांगू लागला.

त्याने आणि त्याच्या बापाने आपल्या वस्तीभोवती मातीची भिंत घातली होती. चांगली उंच, बांबू ठोकून. भिंतीच्या अलीकडे यांची घरं, पलीकडे त्याच्या चुलतभावाची. भिंतीने अडलेलं पाणी कुठे जाणार? एका मोठ्या भरतीला ते सगळं चुलतभावाच्या वस्तीत घुसलं. चुलतभावाची मुलगी, नुकती चालायला लागलेली, घरातल्या घरात बुडाली.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ कोयता घेऊन भिंत फोडायला आला. हा भिंतीवर उभा होता, याच्याही हातात कोयता होता.

"त्याची उजव्या हाताची बोटं,” तो म्हणाला आणि स्वतःच्या बोटांवरून आडवा हात फिरवला. "सगळी. पाण्यात पडली. शोधली, नाही मिळाली.”

बापाने त्याला त्याच दिवशी बंदरावर नेऊन सोडलं. चुलतभावाने मशिदीच्या पायरीवर सर्वांसमोर सांगितलं होतं की हा गावात दिसला तर डाव्या हाताने मारीन. पुढे बाप गेला. आई त्या बुटक्या घरात एकटीच राहते, बहीण समुद्रापासून आतल्या गावात. आई घर सोडायला तयार नाही आणि हा परत जाऊ शकत नाही.

"भिंत अजून आहे?” मी विचारलं.

"आहे. आई तिच्यामागेच तर आहे.”

मला त्याची भीती वाटली, खोटं कशाला सांगू? आणि कीवही आली. त्यानंतर त्याने सुरी धारेला लावली की मी उठून माझ्या खोलीत जायचो.

आमच्या शेजारी टेरी राहायचा. गवंडी. खिडकीत इंग्लंडचा झेंडा, अंगणात पिसाळल्यासारखं भुंकणारं कुत्रं. रस्ता उताराचा, टेरीचं घर आमच्या वरच्या अंगाला. या दोघांचं कधीच जमलं नाही. एकमेकांना पाहिलं की दोघंही थुंकायचे, तेही अगदी नेमाने. पण जयाबेनच्या ढोकळ्याची ताटली टेरीकडे जायची आणि रिकामी कधी परत यायची नाही.

मग तो उन्हाळा आला, ज्यात इंग्लंडभर पाऊस थांबेचना. एका दुपारी वरच्या बाजूचा नाला फुगला आणि घरांमागच्या बोळात पाणी शिरलं. मी ऑफिसातून लवकर सुटलो. बोळाच्या खालच्या तोंडाशी हा मला भेटला, तोही बाजारातून परतत होता. खालचं गटार तुंबून तिथेही घोट्याएवढं पाणी साचलं होतं. समोर टेरीचं अंगण आणि आमचं अंगण यांच्या मध्ये, बोळात आडवी, वाळूच्या पोत्यांची भिंत उभी होती. पलीकडे टेरी आणखी एक पोतं चढवत होता.

"भिंत कुणाची?” याने विचारलं.

"टेरीची दिसते,” मी म्हटलं.

त्याने आमच्या अंगणातलं फावडं उचललं. मी काही म्हणेपर्यंत त्याने पोती फाडायला सुरुवात केली होती. वाळू भळभळा गळायला लागली. टेरी ओरडत भिंतीवर चढला आणि त्याने याच्या जबड्यावर ठोसा मारला. हा पडला, उठला, टेरीच्या पोटात डोकं घातलं. दोघं पाण्यात लोळले, कुत्रं वेड्यासारखं भुंकत होतं. मी याच्या कमरेला मिठी मारली तर कोपराच्या एका फटक्यात माझा चष्मा गेला आणि ओठ फाटला. टेरी उताणा पडला होता. हा त्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला आणि फावडं डोक्यावर उचललं. धार गळ्याच्या रोखाने होती. तो मारणार होता, यात मला आजही शंका नाही.

टेरीने उजवा हात तोंडासमोर धरला. बोटं पसरलेली.

याने त्या बोटांकडे पाहिलं. फावडं वरच राहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्याने ते बाजूला पाण्यात टाकलं.

तेवढ्यात उरलेली भिंत कोसळली, आणि टेरीच्या अंगणात साठलेलं सगळं पाणी आमच्या अंगणातून थेट जयाबेनच्या खोलीत घुसलं. आतून तिची किंकाळी आली.

त्याच्या गावात पाणी नेहमी खालून येतं, समुद्राकडून. म्हणून बोळाच्या खालच्या तोंडाशी उभं राहून त्याने पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, वरचा माणूस स्वतःला वाचवून पाणी आपल्या म्हातारीवर ढकलतोय. इथे पाणी वरून येत होतं. टेरीची भिंत आमच्यासाठी होती. जयाबेनला जिना चढता येत नाही, म्हणून तिनेच त्याला हाक मारली होती, आणि त्याने नाल्याचं पाणी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या स्वयंपाकघरात अडवून धरलं होतं.

आम्ही आत धावलो. जयाबेन पलंगावर उभी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पोटाशी धरून. पाणी गादीला लागलं होतं. हा तिच्यासमोर गेला आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, चांगल्या तीनचार. "गधेडा! एणे मारे माटे दीवाल करी हती!” त्याने माझ्यासाठी घातलेली भिंत तू फोडलीस, असं ती रडत रडत गुजरातीत ओरडत होती. हा निमूटपणे खात राहिला. जबडा आधीच सुजला होता. मग त्याने तिला देवासकट उचललं आणि जिना चढून माझ्या पलंगावर नेऊन बसवलं. दारात वाकला, तेव्हा तीही त्याच्याबरोबर वाकली.

टेरीने तक्रार केली नाही. बरगडी मोडली होती तरी. "डाफ्ट सॉड,” म्हणजे येडा लेकाचा, एवढंच म्हणाला, "विचारायचं तरी होतं.” पुढचे कित्येक दिवस हा त्याचं स्वयंपाकघर उपसत आणि रंगवत होता. दोघं बोलत नव्हते, पण थुंकणं बंद झालं.

एका संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"टेरीने पाणी आपल्या घरात घेतलं,” तो म्हणाला.

"हो.”

"आमच्या गावात असं कुणी केलं नाही. मी पण नाही.” मग म्हणाला, "मी जातो. भिंत फोडतो. आईला बहिणीकडे ठेवतो, मग फोडतो.”

"तो तुला मारेल.”

"हो,” तो म्हणाला, जसं काही मी पाऊस पडेल म्हणालो होतो.

मी खूप भांडलो. जयाबेन रडली, तिने त्याला इथेच एखादी बायको बघून द्यायचं कबूल केलं. टेरीसुद्धा येऊन डोकं हलवून गेला. पण तो ऐकणारा नव्हता. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा तो गेला. सगळ्या सुऱ्या धार लावून, फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेला. एकही बरोबर नेली नाही. बाहेर टॅक्सी उभी होती. बॅग उचलली, उंटाच्या त्या दारातून वाकून बाहेर पडला आणि मागे वळून पाहिलं नाही.

फोन हिवाळ्यात आला. जयाबेनने खालून हाक मारली, "दीकरा, कोई बाई छे, तारा माटे.” त्याची बहीण होती. सिंगापूरला घरकाम करताना शिकलेलं इंग्रजी, हळू आणि स्पष्ट. तिने रडणं आधीच उरकलं असावं.

तो चुलतभावाच्या दारी रिकाम्या हातांनी गेला आणि म्हणाला, चल, भिंत फोडू. सकाळी चुलतभाऊ भिंतीवर आला. दोघांनी मिळून खणलं. उन्हं चढेपर्यंत निम्मी भिंत उतरली होती. मग हा घोटभर पाणी प्यायला वाकला, आणि चुलतभावाने डाव्या हाताने फावडं घातलं. मानेवर. एकदाच नाही.

"आणि मग तो तिथेच बसून राहिला,” बहीण म्हणाली. "पोलीस येईपर्यंत. त्याचं डोकं मांडीवर घेऊन.”

कबरस्तान पाण्याखाली होतं. पुरायला कोरडी जागा हवी म्हणून मातीचा उंचवटा करावा लागला, आणि गावात माती होती ती त्या उरलेल्या भिंतीचीच. दोन्ही वस्त्यांनी टोपल्या वाहिल्या. आता भिंत नाही. भरती आली की पाणी दोन्हीकडे सारखं पसरतं.

जयाबेन माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिला कळलं होतं. फोनच्या पलीकडे कुणी म्हातारी बाई काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच.

"आई विचारते,” बहीण म्हणाली, "तुमच्या घराची दारं कशी आहेत? उंच आहेत?”

"खूप उंच आहेत,” मी म्हटलं.

तिने ते आईला सांगितलं. म्हातारीने आणखी काही विचारलं.

"आई विचारते, म्हणजे तिकडे त्याला वाकावं लागत नव्हतं ना?”

मी समोरच्या दाराकडे पाहिलं.

"नाही,” मी म्हटलं. "सांगा त्यांना, इथे तो ताठ चालायचा.”