परबांच्या दारातली मिरची

"सावंत, यात तंबाखू कुठून आली?" सरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

प्रश्न रास्त होता. पान मिरचीचं होतं. चिंचपोकळीला आमच्या चाळीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेलाच्या डब्यात लावलेल्या मिरचीचं. पानं आकसली म्हणून मी ती परळच्या लॅबमध्ये आणून सिक्वेन्सिंग केलं. म्हणजे पानात ज्या व्हायरसची जनुकीय अक्षरं सापडतील ती वाचायची आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघायची. या जातकुळीत एक्क्याण्णव टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर व्हायरस नवा. आमचा त्याच्या बराच खाली होता. पण सोबत तंबाखूचा जुना व्हायरसही निघाला.

"आता पान नक्की कोणामुळे आकसलं, कसं सांगणार? स्वच्छ सँपल आण. नाहीतर पेपर विसर."

माझा पहिलाच नवा व्हायरस.

तंबाखूचा व्हायरस भलता चिवट. पुडीतल्या तंबाखूतही टिकतो आणि मळणाऱ्याच्या बोटांवरून झाडात जातो. घरी गेले तर अण्णा तळहातावर चुना चोळतच बसलेले. गिरणीत लागलेली सवय. संपात गिरणी गेली, सवय राहिली.

शेजाऱ्यांच्याही मिरच्या आकसल्या होत्या. पांढऱ्या माशीने रोग मजलाभर नेला होता. मी सगळ्यांची पानं तपासली. सगळ्यांत तंबाखू. प्रत्येकाच्या मिरचीचे शेंडे खुडायला अण्णाच जात, तेही न बोलावता.

"तुम्ही हात लावला नाही असं एक तरी झाड आहे का?"

अण्णांनी पुन्हा तंबाखू मळायला घेतली. आईने हळूच सांगितलं, "परबांचं."

परब कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. कसलं व्यसन नाही. पण संप चालू असताना ते कामावर गेले होते. तेव्हापासून अण्णांनी त्यांच्या दाराकडे मान वळवली नव्हती, मग मिरचीची काय कथा.

मी गेले. परबकाकांनी आकसलेली मिरची कुंडीसकट पुढ्यात ठेवली.

"घे गो, हवी तेवढी पानं. अण्णांनी पाठवलं काय?"

नाही म्हणताना मला लाज वाटली.

त्या पानात एकटा नवा व्हायरस निघाला. पेपर छापून आला. त्यात नोंद अर्थातच परबांच्या झाडाची झाली. अण्णांनी ते शांतपणे ऐकलं.

"म्हणजे इथेपण तोच आत गेला. आम्ही गेटाबाहेर."

तेव्हापासून सँपल घेण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. तंबाखू कोण खातं, आणि कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे.