पडद्याच्या कापडावरची झोप

आमच्या गल्लीत तिला सगळे ‘पाहणीवाली’ म्हणायचे. खांद्याला पिशवी, हातात टॅब आणि दारात उभं राहून एकच पालुपद: मावशी, पाणी उकळता का, हात कशानं धुता, घरात कुणाला जुलाब झाले का. पहिल्या दिवशी मी तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. मी शिवणकाम करणारी बाई, मला कुठला गप्पा छाटायला वेळ! पण पोरगी चिवट, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शिकतेस तरी काय, असं विचारलं तर म्हणाली, साऱ्या जगाच्या आरोग्याचा अभ्यास करते, मोठी पदवी आहे. मी म्हटलं, जगाचं राहू दे बाई, आधी आरशात बघ. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, आणि जेवलीस का म्हटलं तर हिला आठवावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यावर ती हसली, म्हणून मग मी तिला आत घेतलं.

त्या दुपारी ती आली तेव्हा मी एका लॉजचे पडदे शिवत होते. पांढरं पातळ कापड खोलीभर पसरलेलं, संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. तिच्याही डोक्यावर टांगती तलवार होतीच. तिच्या सरांनी म्हणे बजावलं होतं, या आठवड्यात ही गल्ली पुरी कर, नाहीतर वर्ष गेलं. ती भिंतीला टेकून बसली. पहिला प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. दुसरा अर्ध्यावरच थांबला. मी सुई ओवत होते, वर बघते तर काय, बाईसाहेब कापडावर आडव्या!

असा संताप आला म्हणून सांगू! एक तर पांढरं कापड, त्यात हिच्या पायांना गल्लीभरची धूळ. उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. अशी झोप मी तान्ह्या पोरांचीच बघितली होती, मूठ उघडी टाकून झोपतात तशी. मशीनचा आवाज नको म्हणून हातशिलाई घेतली. पंख्याच्या वाऱ्यानं कापड हळूच फुगायचं, तिच्या खांद्यावर चढायचं, पुन्हा बसायचं. खिडकीतलं ऊन त्यातून गाळून येत होतं. खोलीत पाणी भरलंय आणि आम्ही दोघी तळाशी आहोत असं वाटायला लागलं. बाहेर कुणी सायकल लावली, कुणी बादली टेकवली, ते सगळं फार लांबून ऐकू आलं. मलाही पेंग आली असणार, कारण तेव्हाचे टाके नंतर सगळे उसवावे लागले.

लॉजचा माणूस आला, त्याला मी दारातूनच उद्या ये म्हणून सांगितलं. तो बडबडला. बडबडू दे.

जाग आल्यावर तिनं आधी टॅब शोधला. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हटलं, घे, उकळलेलं आहे, खोटं नाही सांगितलं. तिला हसायचं होतं, पण रडूच फुटलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या गल्लीत एक बाई होती, तिचं बाळ जुलाबानं गेलेलं. ती सांगत असताना हिनं ‘मृत्यू एक’ असं टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तेव्हापासून हिची झोप उडाली होती. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं, तू आकड्यांकडे लक्ष दे.

“काय विचारलंस तिला?” मी म्हटलं.

“हात धुवायला साबण वापरता का.” तिनं पेला खाली ठेवला. “आणि तिनं उत्तर दिलं, मावशी. हो म्हणाली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आताही वाटत नाही, त्याचीच भीती वाटते.”

“वाटत नाही तर रडतेस कशाला?”

मी रागानंच बोलले होते. माझी मुलगी असती तर दोन धपाटे घालून घरी नेली असती.

तोंड धुऊन तिनं माझ्यासमोरच सरांना फोन लावला. आता मला जमणार नाही म्हणाली, मी आजारी आहे, वर्ष गेलं तर जाऊ दे. एकही शब्द गिळला नाही. टॅब तिनं माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाली, मावशी, त्या बाईकडे माझ्याबरोबर याल का, एकटीनं पाय उचलणार नाही.

उन्हं उतरली होती. मागच्या गल्लीत सगळीकडे दोऱ्यांवर कपडे, त्यांच्याखालून वाकून जावं लागत होतं. ती बाई चादर पिळत होती. आम्हाला बघून थांबली. ना राग, ना काही, थकून एवढंच म्हणाली, “आता काय विचारायचं राहिलं?”

पाहणीवालीनं एक पाऊल मागे घेतलं. मला वाटलं, आता मागे फिरते.

“बाळाचं नाव,” ती म्हणाली.

बाईच्या हातातली चादर तशीच राहिली, पाणी तिच्या पायांवर गळत होतं. मग तिनं नाव सांगितलं. एकदा सांगितलं, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.